पथ्याच्या कागदावर ‘शिचिमी’ : केवळ निषेध नको, पाककृतीही द्यावी

आहाराचा विचार वगळून केलेली चिकित्सा अपुरी राहते, याविषयी आपणा वैद्यांमध्ये मतभेद असण्याचे कारण नाही. तथापि आपल्या चिकित्सालयातून रुग्ण जो पथ्याचा कागद घेऊन बाहेर पडतो, त्यावर काय लिहिलेले असते याचे प्रामाणिक अवलोकन करण्याची वेळ आली आहे. आंबवलेले नको, तळलेले नको, मैद्याचे नको, बाहेरचे नको, तिखट नको. हे सर्व निषेध शास्त्रसंमत आहेत. परंतु केवळ निषेधांनी भरलेला कागद म्हणजे अपथ्याचा कागद होय, पथ्याचा नव्हे. पथ्य म्हणजे काय खावे, कसे करावे, किती व केव्हा खावे याचे मार्गदर्शन. पेया, विलेपी, यूष, कृशरा यांच्या पाककृती आपल्या पूर्वाचार्यांनी औषधी योगांइतक्याच काळजीने सांगून ठेवल्या आहेत. ती परंपरा आपण पंचकर्माच्या संसर्जनक्रमापुरती मर्यादित करून ठेवली आहे, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

हा प्रश्न सर्वाधिक तीव्रतेने जाणवतो तो पंधरा ते तीस या वयोगटातील रुग्णांच्या बाबतीत. अग्निमांद्य, अम्लपित्त, मलावष्टंभ, मुखदूषिका, स्थौल्य अशा तक्रारी घेऊन येणाऱ्या या मुलामुलींना रात्री अकरा वाजता काय खाता असे विचारले, की उत्तर ठरलेले असते. पाकिटातील झणझणीत नूडल्स, ‘वसाबी’ चवीचे वेफर्स, जपानी किंवा कोरियन नावाचे काहीतरी लालभडक. त्यांना ‘हे बंद करा’ असे सांगितले तर ते मान डोलावतात आणि पुढच्या भेटीत एकतर खोटे सांगतात किंवा येतच नाहीत. या वयातील कटुरसाची आवड आणि परदेशी पदार्थांविषयीचे कुतूहल ही दोन्ही स्वाभाविक आहेत. त्यांना रोखण्याऐवजी वळण देता येईल काय, असा प्रश्न आपण स्वतःला विचारावयास हवा. अशा रुग्णांसाठी घरच्या घरी पाव तासात होणारा, तिखट, जपानी धाटणीचा एक अल्पोपाहार येथे सुचवीत आहे.

बाजारातील जपान आणि जुना जपान

झटपट नूडल्स ही तुलनेने अलीकडची वस्तू आहे. १९५८ साली मोमोफुकु आंदो यांनी त्या जपानच्या बाजारात आणल्या. शिजविलेल्या नूडल्स तळून त्यांतील पाणी काढून टाकावयाचे, म्हणजे त्या टिकतात व गरम पाण्यात चटकन मऊ होतात, हे त्यामागील तंत्र. म्हणजे जो पदार्थ ‘तळलेला नाही’ म्हणून रुग्ण निःशंकपणे खातो, तो बहुतेक वेळा आधीच तळलेला असतो. वसाबीची गोष्टही निराळी नाही. खरी वसाबी ही मोहरीच्या कुळातील, थंड वाहत्या पाण्यात वाढणारी व महाग वनस्पती आहे. स्वस्त पाकिटांत व नळ्यांत त्या नावाने जे मिळते, ते बहुधा हॉर्सरॅडिश नावाचे मूळ, मोहरी आणि हिरवा रंग यांचे मिश्रण असते.

याच देशात सुमारे चारशे वर्षांपासून प्रचलित असलेले एक चूर्ण मात्र आपण वैद्यांनी व विशेषतः औषधनिर्मिती करणाऱ्या बंधूंनी आवर्जून पाहण्यासारखे आहे. त्याचे नाव शिचिमी तोगाराशी. ‘शिचिमी’ म्हणजे सात स्वाद आणि ‘तोगाराशी’ म्हणजे मिरची. १६२५ साली एदो शहरात, म्हणजे आजच्या टोकियोत, यागेनबोरी या भागात ते प्रथम विकले गेले असे मानतात. हा भाग वैद्य व औषधविक्रेते यांच्या वस्तीचा होता. ‘यागेन’ म्हणजे औषधे कुटण्याचे नावेच्या आकाराचे पात्र. त्यात चाकासारखा बत्ता मागेपुढे फिरवितात. आपल्या रसशाळेतील नौकाकार खल्वाची आठवण व्हावी असेच ते साधन आहे. तेथील कालव्याचा आकार या पात्रासारखा, म्हणून त्या भागाला हे नाव मिळाले. जेवणात वरून घ्यावयाच्या चवीच्या द्रव्यांना जपानी भाषेत ‘याकुमी’ असा शब्द आहे. त्यातील ‘याकु’ म्हणजे औषध आणि ‘मी’ म्हणजे स्वाद.

या सात द्रव्यांची यादी सर्वत्र एकच नाही. टोकियोच्या यागेनबोरी परंपरेत मिरची भाजलेली व न भाजलेली अशी दोन प्रकारे घेतात आणि त्यात सान्शो, काळे तीळ, खसखस, भांगेचे बी व वाळविलेली संत्र्याची साल मिसळतात. क्योतो येथील कियोमिझु मंदिराच्या वाटेवरील जुन्या दुकानाच्या मिश्रणात समुद्रशैवाल व शिसो नावाच्या सुगंधी पानाला स्थान आहे. तेथील सौम्य सारांच्या पाकशैलीला सुवास अधिक रुचतो. डोंगराळ व थंड नागानोमध्ये, झेनकोजी मंदिराच्या दाराशी मिळणाऱ्या मिश्रणात मात्र आले येते. देशभेदाने योगात बदल करण्याचे याहून सुबोध उदाहरण शोधून सापडणार नाही. शिवाय पारंपरिक विक्रेता गिऱ्हाईकासमोर एकेक द्रव्य घालून, त्याला मानवेल तितकेच तिखट करून देई. यात उपयोक्त्याचाही विचार आला.

द्रव्यविचार

या मिश्रणातील बहुतेक द्रव्ये आपल्या ओळखीची आहेत. तीळ, खसखस व सुंठ यांविषयी वैद्यवाचकांना काही सांगणे म्हणजे औचित्यभंग होईल. दोन द्रव्यांविषयी मात्र थोडे विस्ताराने लिहिणे अवश्य आहे.

पहिले सान्शो. हे झँथोझायलम पायपेरिटम या वृक्षाचे फळ. त्याच्या आतील काळे बी टाकून देतात व केवळ सुगंधी टरफल वापरतात. जिभेवर ठेवताच मुंग्या आल्यासारखी बधिरता येते. ती आणणाऱ्या घटकाला सान्शूल हे नाव याच फळावरून मिळाले. आता कोकण व गोव्यातील वाचकांना हे वर्णन वाचून तिरफळ आठवले असेल तर ते योग्यच आहे. बांगड्याच्या आमटीत पडणारे तिरफळ हे याच प्रजातीगटातील झँथोझायलम र्‍हेट्साचे फळ असून त्याचेही बी टाकून टरफलच वापरतात. निघंटूंतील तुंबरू हे झँथोझायलम आर्मेटम मानले जाते व तुम्बर्वादि चूर्णात आपण ते शूलावर देतो. तीन भगिनी वनस्पती, तिन्ही कटुरस, उष्ण व दीपन. जपानच्या कांपो वैद्यकातील दाइकेन्चुतो या प्रसिद्ध योगात सान्शो, सुंठीसारखे संस्कारित आले, जिनसेंग व धान्यापासून केलेली माल्ट शर्करा ही चार द्रव्ये असतात आणि तेथील रुग्णालयांत उदराच्या शस्त्रकर्मानंतर आंत्राची गती मंदावल्यास तो आजही दिला जातो. (औषधी दुकानदारांस एक सूचना: तिरफळ मागणाऱ्या गिऱ्हाईकास त्रिफळा चूर्ण देऊ नये. नामसाधर्म्याने हा घोटाळा शहरांतून सर्रास होतो.)

दुसरे द्रव्य संत्र्याची साल. जपानमध्ये ती ‘चिंपी’ या नावाने औषधालयात व स्वयंपाकघरात सारखीच नांदते. आपल्याकडे नागपुरी संत्र्याच्या मोसमात ढीगभर साल उकिरड्यावर जाते अथवा फार तर उटण्यात पडते. तिचा तिक्त-कटु स्वाद व सुगंध रुची उत्पन्न करणारा आहे.

राहिली मिरची. ही बृहत्त्रयीत नाही, कारण ती भारतात आलीच मुळी सोळाव्या शतकात, पोर्तुगीजांच्या गलबतांतून. जपानमध्येही ती त्याच शतकात पोहोचली. तेव्हा मिरचीच्या बाबतीत दोन्ही देश समवयस्क आहेत. फरक इतकाच, की जपानी औषधविक्रेत्याने तिला सहा इतर द्रव्यांच्या संगतीत बसवून तिचे प्रमाण आवाक्यात ठेवले.

घरगुती शिचिमी

पुढील प्रमाण एका लहान कुटुंबास पंधरा दिवस पुरेल. ब्याडगी मिरचीची जाडसर पूड दोन चमचे. संत्र्याच्या वाळलेल्या सालीची भरड एक चमचा. तिरफळाच्या टरफलाची पूड अर्धा चमचा. काळे तीळ एक चमचा. पांढरे तीळ एक चमचा. खसखस एक चमचा. सुंठ अर्धा चमचा. मूळ मिश्रणातील भांगेचे बी व शैवाल आपण येथे वगळले आहे. त्यांच्या जागी पांढरे तीळ व सुंठ घेतली आहे.

संत्री प्रथम चोळून धुवावीत. सालीच्या आतील पांढरा कडवट भाग चमच्याने खरवडून काढावा व साल सावलीत कडकडीत वाळवावी. उन्हात वाळविल्यास रंग व सुगंध दोन्ही उतरतात, हे औषधी वनस्पती साठविणारांस सांगावयास नको. दोन्ही प्रकारचे तीळ व खसखस निरनिराळे मंदाग्नीवर भाजावेत. तिरफळ उघडून काळे बी वेचून टाकावे, टरफल किंचित कोमट करून कुटावे. तीळ व खसखस अख्खेच ठेवावे. सर्वांचे वस्त्रगाळ चूर्ण करू नये, कारण दाताखाली येणारे निरनिराळे कण हाच या मिश्रणाचा स्वभाव आहे. सर्व एकत्र करून काचेच्या घट्ट झाकणाच्या बाटलीत, उजेडापासून दूर ठेवावे. तिळाचे तेल लवकर खवट होते, म्हणून एका वेळी फार करू नये.

तव्यावरचा ओनिगिरी

ओनिगिरी म्हणजे हाताने वळलेला भाताचा गोळा, बहुधा तिकोनी. तोच भाजला म्हणजे याकी-ओनिगिरी. बासमतीसारखा मोकळा होणारा तांदूळ येथे उपयोगाचा नाही. मात्र मावळातील इंद्रायणी किंवा आंबेमोहोर यांचा भात स्वभावतःच चिकट होतो व या कामास उत्तम ठरतो.

एक वाटी तांदूळ धुवून वीस मिनिटे भिजवावा व दीडपट ते पावणेदोनपट पाण्यात, पेज न काढता, शिजवावा. दहा मिनिटे झाकून ठेवावा. भात हाताला सोसेल इतका गरम असतानाच मिठाच्या पाण्याने तळहात ओले करून चार गोळे घट्ट वळावेत व चपटे, तिकोनी करावेत. बिडाच्या तव्यावर तिळाच्या तेलाचे बोट फिरवून मंद आचेवर प्रत्येक बाजू चार-पाच मिनिटे, न हलविता, भाजावी. सोनेरी खरपूस कवच आले की एक चमचा सोया सॉस चारही गोळ्यांना मिळून ब्रशने वा चमच्याच्या पाठीने लावावा, पुन्हा अर्धा-अर्धा मिनिट उलटावे आणि तवा उतरवावा. सॉस आधी लावल्यास तो करपून कडू होतो. शिचिमी नेहमी सर्वांत शेवटी, तवा उतरल्यावर, चिमूटभर भुरभुरावी. आचेवर घातल्यास सालीचा व तिरफळाचा सुगंध उडून जातो आणि घरभर ठसका लागतो. भात तयार असला तर हे सर्व पाव तासात होते. पाकिटातील नूडल्स उकळून, त्यावर अंडे-बिंडे घालून ताटलीत येईपर्यंत फारसा कमी वेळ लागत नाही.

आहारविधिविशेषायतनांच्या कसोटीवर

चरकाचार्यांनी विमानस्थानाच्या पहिल्या अध्यायात सांगितलेली आठ आयतने लावून हा पदार्थ पाहावा. प्रकृती: नवा, चिकट तांदूळ गुरू व अभिष्यंदी आहे, हे मान्यच केले पाहिजे, जुना तांदूळ लघू, पण त्याचा गोळा सुटा होतो. करण: भाजण्याने त्यातील गुरुत्व काही अंशी कमी होते. संयोग: कटु-तिक्त दीपन द्रव्यांची जोड मिळाल्याने भाताचा जडपणा आणखी सुसह्य होतो. मासा भरलेला ओनिगिरी दुधाच्या कॉफीबरोबर खाण्याची पद्धत शहरी उपाहारगृहांतून दिसते. ती विरुद्धाहारात मोडते, हे रुग्णास स्पष्ट सांगावे. राशी: एका वेळी दोन गोळे, अधिक नाही. देश व काल: हेमंत-शिशिरात व पावसाळ्यात उत्तम, ग्रीष्म व शरदात टाळावा. उपयोगसंस्था: गरम असतानाच, सायंकाळी सहा-सातला, पहिले अन्न पचल्यावर, मध्यरात्री पडद्यासमोर बसून नव्हे. उपयोक्ता: याचा विचार पुढे केला आहे.

शिळ्या भाताविषयी एक शब्द. थंड भाताचा गोळा वळत नाही, तो फुटतो. शिवाय शिजविलेला भात तासन्‌तास उघड्यावर राहिल्यास त्यात बॅसिलस सीरियस हा जिवाणू वाढतो व त्याने निर्माण केलेले वांतिकारक विष पुन्हा तापविल्याने नष्ट होत नाही. पर्युषित अन्नाचा निषेध, जपानी गृहिणीचा अनुभव आणि सूक्ष्मजीवशास्त्र या तिघांचे येथे एकमत आहे.

लवणाचा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा. पिप्पली, क्षार व लवण यांचा अतियोग करू नये, असे त्याच अध्यायात सांगितले आहे. जपानी गडद सोया सॉसमध्ये सुमारे सोळा टक्के मीठ असते; म्हणजे एका लहान चमच्यात जवळजवळ एक ग्रॅम. प्रौढ व्यक्तीने दिवसाला पाच ग्रॅमपेक्षा कमी मीठ खावे, अशी जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस आहे. म्हणून वर ‘चारही गोळ्यांना मिळून एक चमचा’ असे मुद्दाम लिहिले आहे. खऱ्या सोया सॉसमध्ये सोयाबीनबरोबर गहूही असतो, हे गव्हाची असात्म्यता असणाऱ्यांस सांगावे. त्यांनी व उच्च रक्तदाबाच्या रुग्णांनी सॉस वगळून केवळ हाताला लागलेल्या मिठाच्या पाण्यावर भागवावे. जपानमध्येही नुसत्या मिठाचा ओनिगिरी आवडीने खातात.

कोणास देऊ नये

अम्लपित्त, परिणामशूल, रक्तार्श, मुखपाक, कोणत्याही मार्गाने होणारा रक्तस्राव, तसेच तीव्र पित्तप्रकृती असताना हा पदार्थ देऊ नये. मिरची वगळून दिला तरी तिरफळ, सुंठ व तीळ उष्णच आहेत. गर्भिणीस व लहान मुलांस शिचिमीशिवायचा साधा भाजलेला गोळा पुरे. प्रमेही रुग्णास नवा तांदूळ अपथ्यकर असल्याने हीच शिचिमी भाजलेल्या चण्यांवर भुरभुरून मूठभर खाण्यास सांगावे. जपानी धाटणीही राहते आणि पथ्यही मोडत नाही. अग्निमांद्य, कफप्राधान्य, अरुची व बाहेरच्या खाण्याची अनावर ओढ असलेला तरुण रुग्ण हाच या पदार्थाचा खरा अधिकारी होय.

एका आक्षेपाचा विचार

आयुर्वेदाच्या नियतकालिकात परदेशी पदार्थ कशाला, देशसात्म्याचे काय, असा आक्षेप ज्येष्ठांकडून येईल याची जाणीव आहे. त्यांच्याविषयी पूर्ण आदर बाळगून एवढेच निवेदन करावेसे वाटते, की आपल्या उपवासाच्या ताटाकडे एकवार पाहावे. साबुदाणा ज्या कंदापासून होतो तो कसावा, बटाटा, शेंगदाणा आणि मिरची हे चौघेही अमेरिका खंडातून आले. त्या खिचडीत जिरे आणि तूप एवढेच जुने. तरीही ती एकादशीला आपणास खुशाल चालते, कारण अभ्यासाने ती ओकसात्म्य झाली. भावप्रकाशकारांनी फिरंग रोग व त्यावरील चोपचीनी यांना ग्रंथात स्थान दिले ते, द्रव्य कोठून आले यापेक्षा त्याचे गुणकर्म काय, हे पाहूनच. मग जे द्रव्यसमूह आपल्या निघंटूच्या इतके निकट आहेत, त्यांना केवळ नाव जपानी म्हणून दारात अडविण्यात शास्त्रनिष्ठा कोठे दिसते?

औषधी दुकानदार व निर्मात्यांस विनंती

हे वाचून काही निर्मात्यांच्या मनात ‘आयुर्वेदिक शिचिमी’ असे वेष्टन तरळू लागले असेल. त्यांना विनंती, की तसे करू नये. अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या २०२२ च्या ‘आयुर्वेद आहार’ नियमावलीला अधिकृत ग्रंथांतील पाककृती, घटक व प्रक्रिया अभिप्रेत आहेत. मिरचीप्रधान जपानी मिश्रण त्यात बसविणे ही ओढाताण होईल. ‘अग्निवर्धक’, ‘मेदनाशक’ अशी विशेषणे छापणे तर सर्वस्वी गैर. विकावयाचेच तर रीतसर अन्नपरवान्याखाली, साधा मसाला म्हणून विकावे. त्यापेक्षाही चांगला मार्ग असा, की आपल्या दुकानात सावलीत वाळविलेली संत्रासाल, बी काढलेले तिरफळ, स्वच्छ काळे तीळ व उत्तम सुंठ लहान पुड्यांतून ठेवावी. वैद्याने कागदावर लिहावे, दुकानदाराने द्रव्य द्यावे, रुग्णाने घरी करावे. या साखळीत नफा थोडा कमी असेल. पण आपल्या व्यवसायाला ज्या विश्वासाची गरज आहे तो यातूनच मिळेल.

घरी स्वतःच्या हाताने तीन-चार वेळा ओनिगिरी वळलेल्या मुलाला भात ताजा हवा, मीठ मोजून हवे, मसाला शेवटी हवा, आपल्याला किती तिखट सोसते, या गोष्टी आपोआप कळू लागतात. आहारविधी शिकविण्याचा याहून सोपा मार्ग आपल्यापाशी नाही. वैद्यबंधूंनी व भगिनींनी आपापल्या चिकित्सालयात निषेधाच्या प्रत्येक ओळीसमोर निदान एक करण्याजोगा पदार्थ लिहिण्याचा प्रघात पाडावा. तो पदार्थ थालीपीठ असेल, मुगाचे कढण असेल किंवा शिचिमी भुरभुरलेला ओनिगिरी असेल. शास्त्राच्या कसोटीवर उतरला आणि रुग्णाच्या ताटात पोहोचला, म्हणजे तो पथ्यच होय.